कीपॅडचा आवाज बंद केला त्याचा दुसरा दिवस

आमच्या मोठ्या जाऊबाई, कांताबाई, घरच्या ओट्यावर बसून दीड किलोमीटरवरची विहीर चालवतात. गुडघे गेले तसं शेतात जाणं बंद झालं, पण ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, त्यांच्याच हाती राहिलं. विहिरीवर मोबाईलवाला स्टार्टर आहे. त्यात सिमकार्ड असतं. त्या नंबरला फोन लावायचा, त्यानं उचलला की एक दाबलं तर मोटर चालू, दोन दाबलं तर बंद. मधात लाइट जाऊन परत आली, तर मोटर आपोआप सुरू होते. आणि तो स्टार्टर एकाच फोनचं ऐकतो, कांताबाईंच्या.

आमच्या आंजी गावच्या शिवारात वायरचोर फार, म्हणून स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे. माझे भासरे, म्हणजे कांताबाईंचे यजमान हेमराज, यांनी त्याच्या दोन किल्ल्या शेतात हरवल्या. तिसरी कांताबाईंनी घरीच ठेवली. "अजी, तुमच्या खिशातली किल्ली अन् मुठीतलं पाणी सारखंच," असं त्यांना सुनावलं, आणि भासऱ्यांनी ते हसून कबूल केलं.

कांताबाई चौथीपर्यंत शिकल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. फोनवर त्या पाहत नाहीत, ऐकतात. आकडा दाबला की टीं वाजते. टीं ऐकू आली की पुढचा आकडा, नाही आली तर तोच पुन्हा. नाव सेव्ह करून देते म्हटलं तर मला म्हणाल्या, "नावावर बोट ठेवलं अन् तिसऱ्यालेच लागला तर? माह्या बोटाले रस्ता माईत आहे, राहू दे."

फोन त्यांच्या मुलाचा, आदेशचा, जुना. दिवाळीपासून तो फार रेंगाळायला लागला. आकड्यांची पाटी उघडायलाच वेळ लागायचा. आकडा दाबला की टीं एका श्वासानंतर यायची. तोवर बाईंनी दुसऱ्यांदा दाबलेलं असायचं. मग "नंबर तपासून पाहा" असं ऐकू यायचं. एकदा तर समुद्रपूरच्या कोणा माणसाला फोन लागला. तो म्हणाला, "मावशी, तुमची मोटर माह्याकडं नाई." बाई म्हणाल्या, "बरं बापा, जेवला का?"

शेवटी मीच त्यांना घेऊन रुपेशच्या मोबाईल दुकानात गेले. त्यानं जुने फोटो, नको ते ॲप, कॉलची यादी, सगळं काढलं, फोन बंद करून चालू केला. बाजूला स्पीकरवर गाणी चालू होती. रुपेश मोठ्यानं म्हणाला, "कीपॅडचा आवाजपण बंद केला, काकू. त्यानंपण हळू होते. आता पाहा, पाण्यावानी चालते." बाईंनी ऐकलं नाही. मी ऐकलं. माझ्या कानात शिरलं आणि तिथंच पडून राहिलं. बाईंना मी सांगितलं नाही, ते अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात तूर पाखडत होते. हरभऱ्याला पाणी चालू होतं; मोटर दुकानात जाण्याआधीच चालू करून ठेवलेली, सकाळी लाइट आली तशी आपोआप सुरू झाली होती. ओट्यावर बाईंना भासऱ्यांचा फोन आला. त्यांचा आवाज असा की फोनची गरजच नाही.

"काय वं, लाइट गेली. पानबुडीच्या जाळीत शेवाळ अडकलं, मी विहिरीत उतरून राह्यलो. तू स्टार्टर बंद करून ठेव."

"अजी, थांबा! मी बंद करतो, मंग उतरजा..."

पण त्यांनी फोन ठेवला होता.

पानबुडी म्हणजे पाण्यातली मोटर. आमच्या मोटरच्या वायरला पाण्याजवळ एक जोड आहे, वरून टेप गुंडाळलेला. मागच्या हिवाळ्यात असाच एक माणूस विहिरीत असताना लाइट आली होती, तो जिवंत वर आला नाही. त्याची बायको आमच्या बुद्धविहारात वंदनेला येते. आता ती मागे बसते, भिंतीला टेकून.

बाईंनी आकडा दाबला. थांबल्या. पुन्हा दाबला. पुन्हा थांबल्या. कशीबशी ओळ पूर्ण केली तर "नंबर तपासून पाहा".

"रक्षा, हे वाजून नाई राह्यलं वं!"

त्यांनी परत सुरू केलं. टीं नाही म्हणून प्रत्येक आकडा दोनदा, तीनदा. मी सूप टाकून उठले. माझ्या फोनवरून भासऱ्यांना लावला. घंटी वाजत राहिली. सदरा काठावर काढून ठेवला असणार, फोन त्यातच. वर पंखा गरगरत होता, पण त्याचा भरवसा काय? गावाची लाइन वेगळी, शेताची वेगळी. तिकडे लाइट आली की नाही, घरात बसून काहीच कळत नाही.

आणि मग रुपेशचं बोलणं आठवलं.

"बाई, ते वाजणारच नाई. काल आवाज बंद केला त्यानं. एकेकदाच दाबा."

"मंग मले कसं समजन, पडला का नाई?"

"नंबर सांगा, तुमच्याच फोनवरून मी लावतो."

बाईंनी तोंड उघडलं. दोन आकडे बोलल्या आणि थांबल्या. "तोंडी नाई येत वं. बोटालेच येते."

"मंग दाबा तुम्ही. आकडा पडला की मी टीं म्हणीन."

त्यांनी दाबला. मी म्हटलं, "टीं." दुसरा. "टीं." हसू येण्यासारखं होतं, पण आम्ही दोघीही रडायच्या बेतात होतो. दहा वेळा टीं म्हटलं. फोन लागला. पलीकडून ते यंत्रातलं बाईमाणूस शांतपणे बोललं, "वीजपुरवठा सुरू आहे. मोटर चालू आहे."

कांताबाईंनी फोन कानाला लावला होता, त्यामुळे पडदा काळा झालेला. "दोन कुठं गेला? रक्षा, दोन कुठं गेला?" मी फोन ओढला, बाजूचं बटण दाबलं, आकड्यांची पाटी उघडली. बाईंचं बोट धरून मीच दोनवर ठेवलं आणि ओरडले, "टीं!"

"मोटर बंद झाली आहे."

भासऱ्यांना फोन लावला. घंटी. पुन्हा लावला. घंटी. बाई फाटकाकडे चालायला लागल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, चप्पल न घालता. मी त्यांना धरून होते आणि मनात त्रिसरण म्हणत होते. दुसऱ्या वेळच्या दुतियम्पिपर्यंत यायचे आणि तिथंच अडकायचे.

बाईंचा फोन वाजला.

"कांता..." भासरे त्यांना नावानं हाक मारत नाहीत. "एक पाय पाण्यात घातलाच होता. झनझन मुंग्या आल्या. मांग सरकलो, पायरीवर बसलो. उठताच नाई आलं."

बाईंनी फाटक धरलं.

थोड्या वेळानं भासऱ्यांचा आवाज जागेवर आला. "आता जाळी साफ करतो. मंग चालू करजो. अर्धा हरभरा राह्यला आहे."

"वर या."

"अवं, पण लाइट पाच वाजता जाते..."

"घरी या म्हणलं न!"

बाईंनी फोन ठेवला आणि बाजूचं बटण दाबून धरलं, पडदा विझेपर्यंत. मग फाटकाच्या दगडावर बसल्या. मी पाणी दिलं, घेतलं नाही. उद्याच रुपेशकडे जाऊन आवाज परत चालू करून आणू, हळू चालला तर चालला, असं मी म्हणाले. बाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या, दिसत तर नव्हतं काही.

अर्ध्या तासानं भासरे आले. सदरा खांद्यावर, चेहरा उतरलेला, पण तोरा तोच. "फोन काऊन बंद केला? तिकडं वाफे कोरडे पडून राह्यले!"

कांताबाईंनी खाली हात नेला. भासऱ्यांचे दोन्ही पाय चाचपले, घोट्यापासून बोटांपर्यंत.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

भासऱ्यांनी माझ्यासमोर लाजल्यासारखं केलं. मग हळूच डावा पाय पुढं केला. बाईंनी तो मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. हरभऱ्याला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.