विश्रांतीला बसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली, की ती दुरुस्त होईपर्यंत मला घराबाहेर ठेवतात. हा नियम मागच्या दसऱ्याला झाला. त्याआधी मी घरातला जाणकार होतो. (म्हणजे तसं मी म्हणायचो आणि कोणी खोडून काढत नसे.)

मी गंजाडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तरी खंडेनवमी आमच्या घरी दणक्यात होते. त्या वर्षीही कोयते, विळे, पाण्याचा पंप, स्कूटर, सगळ्यांना मी स्वतः हळदकुंकू लावलं. बैठकीतल्या कॉम्प्युटरला तर झेंडूची माळ घातली आणि ताकीद दिली, "हत्यारांची आज विश्रांती. कोणी हात लावायचा नाही." दसऱ्याच्या सकाळी अक्षता टाकून सगळ्यांना उठवलं. पंप सुरू झाला, स्कूटर सुरू झाली, कोयता घेऊन सुनंदा, म्हणजे आमची सौ., शहाळी फोडायला बसली.

आणि मयुरीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही, पंखा नाही.

मयुरी आमची लेक. तिची त्याच दिवशी चार वाजता नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. कंपनीची गिऱ्हाइकं सातासमुद्रापलीकडची, त्यामुळे दसऱ्याची सुट्टी नाही. स्क्रीनवर डिझाइन करून दाखवायचं होतं, त्यामुळे मोबाइल चालणार नव्हता. दोन वर्षं ती असल्या एका संधीची वाट बघत होती.

"बाबा, होईल ना?" तिने विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणालो. तिचा चेहरा आणखी उतरला.

मी डहाणूच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, माझी सगळी हत्यारं पूजेत आहेत. संध्याकाळी उठवणार. त्याआधी नाही हात लावत मी."

फोन ठेवून मी तणतणलो, "कुठल्या जमान्यात राहतात ही माणसं! लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आणि याचा स्क्रूड्रायव्हर विश्रांती घेतोय."

सुनंदाने शहाळं फोडता फोडता माझ्याकडे पाहिलं.

मग मी कामाला लागलो. वायर काढली, घातली. दुसऱ्या बोर्डाला लावली. शेजाऱ्यांची वायर आणून ती लावून पाहिली. तेवढ्यात वेवजीहून माझा मेहुणा दिलीप सोनं द्यायला आला. त्याचं टीव्ही-फ्रिजचं दुकान नाही, रिक्षा आहे. पण आत्मविश्वास दुकानाचा.

"भावोजी, एक थपाट द्या बाजूला. आमचा टीव्ही असाच चालतो."

थपाट दिली. माझा हात सुजला.

"मग एने, या डब्याला, खोला. आत ओल धरली असेल."

खोललं. आत पाली राहून गेल्याच्या खुणा होत्या, त्या साफ केल्या. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, कारण तसं करतात असं मी कुठेतरी ऐकलं होतं. दिलीपने इतक्या जोरात फुंकर मारली, की धूळ कॉम्प्युटरमधून निघाली आणि माझ्या डोळ्यांत गेली. मग ओल जावी म्हणून सगळं अंगणात खाटेवर उन्हात मांडलं. एक कोंबडी येऊन रॅमच्या पट्टीकडे विचारपूर्वक बघू लागली. मयुरी तिला हाकलत होती आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. एकदा तिने गुपचूप डोळे पुसले, तेव्हा मी खाटेवरचं सगळं गोळा करायला लागलो.

साडेतीनला सगळं परत जोडलं, माळही परत चढवली. मूठभर स्क्रू उरले. दिलीप म्हणाला, "कंपनी जास्तीचे देतेच." बटण दाबलं. काही नाही.

मी खाली बसलो. घाम, हळद आणि धूळ यांचा लेप माझ्या तोंडावर बसला होता. तेव्हा सुनंदा पदराला हात पुसत आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, सकाळी सगळ्यांना अक्षता टाकल्यात. याला टाकल्या का?"

"सुनंदा, ही मशीन आहे. अक्षतांनी चालत नाही."

"तसं नाही हो. काल विश्रांती म्हणून तुम्ही याच्या मागे काहीतरी खटकन केलं होतंत. मयुरी गुपचूप लावेल म्हणून."

तिने मागची सुकलेली माळ बाजूला केली. वायरीच्या शेजारी एक छोटं काळं बटण होतं. बंद. त्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, माझं. त्याच्या शेजारची वायर मी सकाळपासून काढून घालून दमलो होतो.

सुनंदाने ते खाली दाबलं. मयुरीने पुढचं. पंखा गरगरला.

दिलीप म्हणाला, "बघा, उन्हाने काम केलं."

मुलाखत झाली. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "ऐन वेळी तांत्रिक अडचण आली, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?"

मयुरी जराही न थांबता म्हणाली, "वडिलांना बाहेर पाठवीन."

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज आला. नोकरी लागली.

यंदाच्या खंडेनवमीला तिने स्वतःच्या हाताने माझा स्क्रूड्रायव्हर पूजेत मांडला, कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून सगळी हत्यारं उठवली गेली. स्क्रूड्रायव्हर अजून विश्रांती घेतोय.