माझ्या नाटकातलं तिचं वाक्य

गणितात ती माझ्यापुढे आहे याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. आम्ही दोघी मैत्रिणी लखनौच्या विकास नगरातल्या, दोघींचे वडील नागपूरकडून सरकारी नोकरीत आलेले, दोघी एकाच स्कॉलरशिपवर बी.एस्सी.ला. मी पानभर आकडेमोड करून अडायचे. ती चार ओळींत सिद्धता मांडून कँटीनमध्ये समोसा खात बसायची. सर माझ्या पेपरवर बोट ठेवायचे, "बेटा, पहला स्टेप ही ग़लत है." तिला शाबासकी मिळाली की माझ्या पोटात दुखायचं.

पण नाटकं मी लिहायचे. तेवढं एक माझं होतं.

चौदा एप्रिलला कॉलनीतली मराठी कुटुंबं हॉल घेऊन जयंतीचा कार्यक्रम करत. त्या वर्षी नाटक माझं होतं: बदलीची ऑर्डर आलेला बाप आणि लखनौ सोडायला तयार नसलेली मुलगी. विनोदी, आणि सगळं शुद्ध मराठीत. मुलीचं काम तिलाच द्यावं लागलं, कारण एवढं पाठांतर दुसऱ्या कुणाला जमेना. तालमीत ती एकदाच म्हणाली, "यार, बेटी ऐसे बोलती है क्या?"

"लिहिलंय तसं बोल," मी म्हटलं.

कार्यक्रमात सुरुवातीला कुणी हसलंच नाही. बायका आपसांत बोलू लागल्या. बापाचं काम करणारे काका तावातावानं मराठीत रागावले, आणि ती माझं वाक्य सोडून म्हणाली, "पापा, आप मराठी में डाँटते हैं तो डर ही नहीं लगता!"

हॉल हसून लोटपोट. मग बाप मराठीत, मुलगी हिंदीत, असंच नाटक शेवटपर्यंत रंगलं. मी पडद्याआड उभी होते, आणि माझ्याच नाटकाच्या टाळ्या मला ऐकवत नव्हत्या. गणित तिचं होतंच, आता हेही तिचं. वर ती धावत येऊन गळ्यात पडली, "सब तेरा ही लिखा हुआ है, यार!" तिचा हा मोठेपणा तर मला मुळीच सोसला नाही.

घरी जाताना स्कूटरवर पापा खुशीत होते. "मस्त लिहिलंस गं. आणि ते डाँटनेवालं वाक्य! अगदी आपल्या घरातलं."

"वो लाइन मेरी नहीं है, पापा," मी म्हणाले. आणि तेही हिंदीत.