मोर नसलेला गेम

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला भिंत दिसली तर माल कमी वाटतो, असं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम मत; म्हणून छतालाही घागरी टांगलेल्या. अशा माणसाची मुलगी नांदेडला खोली घेऊन मोबाइलचे गेम बनवते, आणि त्यात काय, तर पांढरा पडदा, एक रेघ आणि एक काळा ठिपका. बोट लावलं की ठिपका उडी मारतो. रेघेतल्या फटीत पडला की पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मीही डोंगर, ढग, नाणी सगळं कोंबलं होतं. मग एकेक काढत गेले आणि उरलेल्या ठिपक्याची काळजी वाटायला लागली. आधी त्या गर्दीत तो मेला तरी कुणाला पत्ता नसायचा. गेम अप्पांच्या फोनवर पाठवून हे त्यांना समजावलं, तर म्हणाले, "लई रिकामं हाय बाई. निदान एक मोर टाक."

महिनाभर फोनवर मोरच. राग यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं. अप्पांनी एकदा 'चांगलं केलंस' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

त्यातच उदगीरहून पाहुणे मला बघायला लातूरच्या घरी आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी नेमकं काय करते? मी गेम लावून फोन पुढे केला. अप्पांचा चेहरा पडला. "काम चालू हाय अजून," ते घाईघाईने म्हणाले, "रंगरंगोटी राहिलीय."

मुलाचे वडील पडदा भरायची वाट बघत बसले. मग चुकून बोट लागलं, ठिपका उडाला आणि फटीत पडला. त्यांनी पुन्हा बोट लावलं. पोहे गार झाले. "अवं, पोरीला काय इचारायचं ते इचारा की," मुलाची आई म्हणाली. त्यांनी मान वर केली नाही. अप्पा सरकत सरकत त्यांच्या खांद्यापाशी गेले. "थांबा... आता मारा," असं पुटपुटायला लागले. पुढची फट कुठे येते ते त्यांना पाठ होतं. म्हणजे हा माणूस महिनाभर दुकानात बसून हाच गेम खेळत होता.

शेवटी पाहुण्यांनी फोन खाली ठेवला. "खेळ चांगला हाय. पण मोकळं मोकळं वाटतंय. एखादा मोर टाकला तर?"

"मोर कशाला?" अप्पा एकदम ताठ झाले. "मोराकडं बघत बसलं तर ठिपक्याकडं कोण बघल? पोरीनं इचार करून काढलंय सगळं."

पाहुण्यांना ते लागलं. स्थळ जमलं नाही. मला मात्र इतका आनंद झाला होता की सगळे गार पोहे मीच संपवले.