बाभूळ, बंपर आणि तीस अंडी

तारीख एकवीस नोव्हेंबर. रक्कम पंधरा लाख. हजर: मी, मयताची पत्नी सुमनबाई, सुमनबाईंचे मोठे भाऊ बाळासाहेब आणि अंगणात उभी असलेली, बंपर वाकलेली जीप. गाव घनसावंगीच्या अलीकडचं.

मी जालन्यात विमा कंपन्यांसाठी क्लेमची चौकशी करतो. लोकांना वाटतं, क्लेम नाकारणं हेच माझं काम. माझं काम एवढंच, की काय झालं ते विचारायचं आणि तेवढंच लिहायचं.

सुमनबाईंचे पती भगवानराव घनसावंगी ते अंबड सवारीची जीप चालवायचे. चालवता चालवताच गेले; पोलिसांना जीप रस्त्याकडेच्या बाभळीला धडकलेली सापडली. पोस्टमॉर्टेममध्ये कारण होतं हृदयविकार. जीपच्या पॉलिसीत मालक-चालकाला पंधरा लाखांचं अपघात कव्हर होतं. ते मिळतं अपघाताने मृत्यू आला तर. आधी हृदय बंद पडलं आणि मग गाडी झाडावर गेली, तर नाही. आधी गाडी झाडावर गेली आणि त्या धक्क्याने हृदय बंद पडलं, तर वाद घालायला जागा आहे. सगळा प्रश्न एवढाच: आधी छाती की आधी बाभूळ?

बाळासाहेबांचं उत्तर तयार होतं.

"आधी बाभूळ, साहेब. दाजी बराबर चालवून राह्यलते. अचानक डुक्कर आडवं आलं. गाडी गेली बाभळीवर. दणका बसला अन् दाजींनी छाती धरली."

"तुम्ही जीपमध्ये होता?"

"न्हाई. पण मला सगळं माहीत हे."

"डुक्कर कोणत्या बाजूनं आलं?"

"डावीकडून."

"बाभूळ?"

"तीबी डावीकडंच."

"म्हणजे भगवानराव डुकराच्याच अंगावर गेले?"

बाळासाहेबांनी जरा विचार केला. "डुक्कर मधूनच वापस फिरलं."

मी तसं लिहून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या रुक्मिणमावशी आल्या. त्या अंबडला अंडी विकतात. त्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर, भगवानरावांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"कोणतं डुक्कर रे बाळ्या?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मावशी, तू घरी जा."

"का जाऊ? मी व्हते तिथं, तू व्हतास का? साहेब, माझ्या मांडीवर तीस अंड्याचा ट्रे व्हता. भगवान म्हणला, मावशी, ट्रे धरा, गाडी बाजूला घेतो. एक हात छातीवर, एक स्टिअरिंगवर. साइड दाखवली, जीप खाली घेतली, हँडब्रेक वढला. चावी काढून माझ्या हातात देली अन् मंग डोकं टेकलं. मागं नऊ माणसं व्हते, कोणाला हिसका बसला न्हाई. अन् अंडं? एक फुटलं न्हाई!"

"मावशी, पंधरा लाखाचं बोलून राह्यलीस तू!" बाळासाहेब ओरडले. "सुमनची पोरगी नर्सिंगला हे. फी तू भरती का अंड्यावर?"

 मावशींनी सुमनबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "एखादं फुटलं असल, साहेब."

"किती?" मी विचारलं.

"तुमाला किती लागतेत?"

इतका वेळ न बोललेल्या सुमनबाई आता बोलल्या. "एकबी फुटलं न्हाई. दादा, पुरे कर. ह्या रोडवर सगळ्यांनी गाड्या ठोकल्या, मालकानं कधी ठोकली न्हाई. जाताना नऊ माणसं सुखरूप खाली उतरवले त्यांनी. अन् आता मेल्यावर त्यांच्या नावावर अपघात लावता?"

बाळासाहेब खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, की पोलीस यायच्या आधी जीप त्यांनीच बाभळीवर घातली होती. "पहिल्या खेपेला बंपरला काईच झालं न्हाई. मंग अजून दोनदा घातली. गाडी लई मजबूत हे, साहेब."

माझा रिपोर्ट तिथेच ठरला. तरी उठता उठता मी विचारलं, भगवानरावांच्या बँक खात्यातून दरवर्षी काही कापलं जायचं का?

"चारशेछत्तीस," सुमनबाई म्हणाल्या. "दरसाली कापायचे अन् मालक दरसाली बँकेला शिव्या द्यायचे."

तो बँकेमार्फतचा दोन लाखांचा सरकारी जीवन विमा होता. त्याला मृत्यू कशाने आला याच्याशी देणंघेणं नसतं; छाती चालते, बाभूळ लागत नाही. हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं, पण मनाईही नव्हती. बाळासाहेबांना मी बजावलं, की त्या अर्जात डुक्कर आणू नका.

हिशेब असा झाला. अपघात कव्हर: शून्य. जीवन विमा: दोन लाख, सुमनबाईंच्या खात्यात जमा, पहिली उचल मुलीच्या फीसाठी. बंपर सरळ करण्याचे साडेचार हजार बाळासाहेबांनी स्वतःच्या खिशातून अंकुशनगरच्या मिस्त्रीला दिले. पंधरा लाखांच्या जागी दोनच मिळाले, ते पुरणारे नाहीत, हे मलाही कळतं. जीप आता भाड्याने दिली आहे.

या धंद्यात शिकलो ते एवढंच: साक्षीदाराला काय बोलायचं ते कुणी शिकवण्याआधी, त्या दिवशी त्याच्या मांडीवर काय होतं ते विचारून घ्यावं.

त्या दिवशी निघताना मावशी सहा अंडी फुकट देऊ लागल्या. चौकशीच्या घरून फुकट काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. सात रुपयांप्रमाणे बेचाळीस रुपये मावशींना रोख दिले. अंडी मोटारसायकलच्या डिक्कीत जपून ठेवली, सावकाश चालवत आलो. जालन्यात मस्तगडला घरी पोचलो तेव्हा सहातली चारच शाबूत होती.