सव्वीस-एकोणीस

...तर कुठं होते मी? हां, फरशीवाली. तू लिही गं नुसतं, मध्ये विचारू नकोस. तिला आकडे ओळखू येतात, पण नुसते डोक्यात टिकत नाहीत. माणसाच्या गळ्यात बांधले की टिकतात. सत्तेचाळीस नंबरची बस म्हणजे तिचं सासर: चार दीर, सात भांडणं! ज्या ऑफिसात ती फरशी पुसते, तिथल्या मागच्या दाराला बटणांचं कुलूप. आकडा सव्वीस-एकोणीस. थोरला तेव्हा सव्वीसचा, धाकटी एकोणीसची. झालं पाठ. त्याच वर्षी धाकटी भांडून घर सोडून गेली. तीन वर्षं झाली, पोरं वाढली, कुलूप आहे तिथंच. बोटं आपली सवयीनं चालायची.

परवा नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं. हिच्या डोळ्याला डोळा नाही. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "मुलं किती? वयं सांगा."

"एक एकोणतीस, एक बावीस."

बावीस म्हणताना जीभच अडखळली. लेक गेल्यापासून तिचं वय हिनं मोजलंच नव्हतं.

तिथून तशीच पाय ओढत कामावर. दारापाशी आली तर डोक्यात तेच आकडे. एकोणतीस-बावीस दाबलं. लाल दिवा. एकोणतीस-एकोणीस. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा चुकलं की भोंगा वाजतो, नि सुपरवायझरनं आधीच दम भरलेला, "आता काही झालं तर उद्यापासून येऊ नका." नवऱ्याची औषधं त्याच पगारावर.

वॉचमन हसला. "काय मावशी, दार रुसलं?"

"दार कशाला रुसतंय, मीच दमलेय बाबा. आकडा सांग की."

"मला ठाऊक असता तर इथं उन्हात बसलो असतो?"

ती पायरीवर टेकली. डोळे मिटले तर लेक पिशवी घेऊन निघालेली दिसली, नि थोरला मागून ओरडतोय, "सव्वीसचा घोडा झालो मी! तुझ्यापायी माझं लग्न अडलंय!"

सव्वीस. उठली, जपून एकेक बटण दाबलं. हिरवा.

आत गेली, पण फडकं पिळायला हातात जोर नाही. संध्याकाळी परत दवाखाना, सकाळी परत फरशी. थोरला फिरतीवर. एकटीनं किती ओढायचं?

तुझ्या क्लासखालच्या चष्म्याच्या दुकानात तिची ती लेक असते ना, तिला हे लिहिलेलं वाचून दाखव नि सांग, बाप दवाखान्यात आहे. रागवायचं ते मागाहून रागव म्हणावं, आधी बापापाशी बस नि आईला एक रात्र झोपू दे.