डीएनएला चिकटलेली माणसं

बॉथेलच्या आमच्या लॅबमध्ये निम्मं काम म्हणजे नुसती वाट बघणं. जेलीच्या थरातून, म्हणजे जेलमधून, डीएनए पळतोय, मशीन फिरतंय, पेशी वाढतायत. मग माणसं बोलत बसतात आणि किस्से साठत जातात. कुठलं प्रोटीन डीएनएवर नेमकं कुठे बसून जीन चालू-बंद करतं, हे आम्ही शोधतो. सापडेपर्यंत हसतो!

*

माझा सहकारी सुहास पुण्याचा. त्याची आई आली होती, म्हणून मीही जेवायला गेले होते. तो काकूंना काम समजावत होता.

"आई, एकटा डीएनए जेलमधून सुसाट पळतो. प्रोटीन चिकटलं की मागे रेंगाळतो. त्यावरून आम्ही ओळखतो."

काकूंनी सुनेला पोळी वाढली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझं लग्नाआधी आणि लग्नानंतर!"

आमची बॉस मार्गारेट हल्ली नव्या स्टुडंट्सना हेच उदाहरण देते.

*

आम्ही डीएनएचे तुकडे करतो, तेव्हा प्रोटीन बसलेलं असतं तिथे तो कापला जात नाही. जेलवर कोरी जागा दिसते, तिला आम्ही फूटप्रिंट म्हणतो. माझ्या मुलाने, नीलने, शाळेत सांगितलं, "माय मॉम फाइंड्स फूटप्रिंट्स."

टीचरने मला बाजूला घेतलं. "पोलिसातलं काम फार स्ट्रेसफुल असेल, नाही?"

"विचारू नका," मी म्हटलं. "पुरावाच टिकत नाही!"

*

एकदा कुणाचं तरी पॉपकॉर्न जळलं आणि फायर अलार्म वाजला. आम्ही सगळे पार्किंग लॉटमध्ये, पाऊस चालू. या देशात कायम राहायचा सुहासचा अर्ज याच प्रयोगावर अडलेला, म्हणून तो सॅम्पल्सची बर्फाची बादली पोटाशी धरून उभा.

फायरफायटरने दरडावून विचारलं, "सर, त्यात काय आहे?"

"माझं ग्रीन कार्ड!"

त्या भल्या माणसाने आपलं हेल्मेट काढून बादलीवर झाकण म्हणून ठेवलं.

*

माझे बाबा नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. मी मेडिकलची सीट सोडली, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. इथे आले तेव्हा एका शनिवारी त्यांना लॅबमध्ये नेलं.

आम्ही जीनच्या स्विचला काजव्याचं जीन जोडतो. प्रोटीन जागेवर बसलं, स्विच चालू झाला, की पेशी चमकतात. माझ्या काही केल्या चमकत नव्हत्या. "या महिन्यात नाही जमलं तर प्रोजेक्ट थांबवू," असं मार्गारेटने समजुतीने सांगितलं होतं. बाबांना मी ते बोलले नव्हते.

प्लेट कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवली, दार लावलं. स्क्रीन काळाकुट्ट. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे.

कोपऱ्यात एक ठिपका उजळला. मग शेजारचा. मग अख्खी रांग!

बाबांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज दिला, "आली रे, आली!"

मार्गारेट धावत आली. "काय झालं?"

बाबांचं लक्षच नव्हतं. ते नागपूरला आईला फोन लावत होते.

"अगं, ऐक," ते म्हणाले, "पोरीकडे लाइट आली!"