काळ्या पडद्याचं खापर

सुनीती सबनीस आमच्या पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवायच्या. महाडहून रोज एसटीने येत. मी त्याच शाळेत मराठीचा मास्तर, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि आजही आठवलं की डोकं फिरतं.

२००३ साली महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने जुने कॉम्प्युटर शाळेला दिले, तेही हार्ड डिस्क पुसून. विंडोज विकत घ्या म्हटल्यावर संस्थेने कानांवर हात ठेवले. मग बाईंनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकलं. ते फुकट होतं, आणि पोलादपुरात त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

घोडं अडलं ते पडद्यापाशी. या कॉम्प्युटरांत चित्र दाखवणारी चिप मदरबोर्डवरच बसवलेली होती आणि लिनक्सला ती काही ओळखू येईना. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा मात्र काळाच. बाई महाडच्या सायबर कॅफेत बसून परदेशातल्या अनोळखी लोकांना विचारत राहिल्या. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. शेवटी त्या चिपची सगळी माहिती एका फाईलमध्ये नीट लिहिली तेव्हा कुठे पडदा उजळला. त्यावर मराठी अक्षरं उमटली आणि बाई चक्क रडल्या.

वर्ग सुरू झाला, बिनफीचा. कशेडीच्या बाजूच्या एका वाडीवरून चंद्रभागा आपल्या सेजलला घेऊन आली.

"बाई, फी नाय ना लागायची? मागून सांगाल तर आमच्याच्यानं व्हायचं नाय."

"नाही लागणार. तिला रोज पाठवा," बाई म्हणाल्या.

पण संस्थेचे अध्यक्ष गंगाधरशेठ यांचा पुतण्या आमोद याचं महाडात कॉम्प्युटरचं दुकान होतं. शाळेत फी घेऊन वर्ग चालवायला तो टपून बसला होता. आयत्या बिळावर नागोबा! शेठनी फर्मान काढलं, की वर्गाच्या रीतसर उद्घाटनाला जिल्ह्याहून साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर बाईंचं काम चाललं तर वर्ग बाईंचा, नाहीतर आमोदचा.

आदल्या संध्याकाळी, बाई घरी गेल्यावर, शेठ खोलीत डोकावले. कॉम्प्युटरचा पिवळट डबा पाहून म्हणाले, "साहेबांच्या फोटोत हे भंगार?" आमच्याकडे पाहुणे आले की शेजारच्या चांगल्या खुर्च्या आणून मांडतात, तशातलाच प्रकार. आमोदने दुकानातून नवाकोरा कॉम्प्युटर आणला, बाईंचं सगळं काम असलेली जुन्यातली हार्ड डिस्क काढून त्यात बसवली आणि वर रेशमी कापड घातलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते.

सकाळी नारळ फुटला. साहेबांनी कापड दूर करून बटण दाबलं. पडदा काळा. नव्या मदरबोर्डवरची चिप वेगळी, आणि फाईलमध्ये माहिती जुन्या चिपची! डबा पाहताच बाईंना उमगलं.

"साहेब, कॉम्प्युटर बदललाय. थोडा वेळ द्या, एका फाईलमध्ये बदल केला की चालेल."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पुढचा कार्यक्रम होता. "फुकटचं ते फुकटचंच!" शेठ म्हणाले, आणि सगळा मांडव हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी पाहिली.

साहेबांची गाडी गेली आणि मांडववाले खुर्च्या उचलत होते, तोवर बाईंनी तोच कॉम्प्युटर चालू करून दाखवला. शेठ दारात उभे राहून बघत होते.

"मग मघाशी का नाही चालवलंत, बाई?"

"शेठ, तुम्ही डबा बदललात."

"डबाच बदलला ना? आतलं तुमचं होतं तसंच ठेवलं की!"

असल्या माणसाच्या हातात आमची शाळा होती. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला.

पुढच्या सोमवारी आमोदचा वर्ग सुरू झाला. ज्यांना फी झेपली नाही, त्यांना त्या तासाला शेजारच्या खोलीत बाईंच्या गणिताला बसवत. भिंतीपलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू यायची. सेजल तासभर त्या भिंतीकडे बघत बसायची. फळ्याकडे बघ, असं बाई तिला कधीच म्हणाल्या नाहीत.